काकूंनी पातेलं खाल्लं

खाणावळवाल्या काकू परदेशात जाऊन घरच्यांशी भांडल्या, हॉटेलात जाऊन बसल्या आणि पैसे उधळून आल्या, असं सध्या त्यांच्या नात्यागोत्यात चाललंय. चालू दे. भांडल्या हे खरं नाही, कारण भांडायला समोरच्याला उत्तर सुचावं लागतं. हॉटेलात बसल्या हे खरं आहे. आणि त्यांनी उधळले ते पैसे नव्हते, ते पातेलं होतं. आता नीट बसा, म्हणजे सांगतो. मध्येच उठायचं नाही. का ते पुढे कळेल.

काकू आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या. नवरा गेला तेव्हा पदरात मूल नव्हतं, हातात स्वयंपाक होता. पुढच्या खोलीत बाकं टाकली, मागच्या खोलीत शेगड्या मांडल्या आणि खाणावळ सुरू झाली. बँकेतले कारकून जेवले, नर्सिंगच्या मुली जेवल्या, औषधं विकत हिंडणारे विक्रेते जेवले. बायको माहेरी गेलेले नवरे जेवले आणि बायको घरात असूनही नाइलाज झालेले नवरेही जेवले. मीही जेवलो. यांपैकी कुठल्या गटात ते विचारू नका, आमची ही अजून कानाने तिखट आहे.

या खाणावळीचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते, काकूंच्या तोंडात होते. ताटात टाकायचं नाही. भाताला नावं ठेवायची नाहीत, रश्शाला ठेवली तर चालतील. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे ताटावर बसलेल्या माणसाला कुणी उठवायचं नाही. मग काही का होईना. एकदा एका विक्रेत्याला शोधत त्याचा सासरा दोन पोलीस घेऊन आला. मुलीला टाकून पळाला होता बेटा. पोलीस खांद्याला हात घालणार, तोच काकू झारा घेऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"जेवण होऊ दे त्याचं. मग न्या, मारा, मुलीच्या पायावर घाला, मला काही नाही. भरल्या ताटावरून माझ्या घरातला माणूस उठणार नाही."

विक्रेता हुशार. त्याने त्या दिवशी इतक्यांदा भात मागून घेतला की पातेल्याचं बूड दिसलं. शेवटी वाट बघून बघून पोलीसही जेवायला बसले आणि सगळ्यांचे पैसे सासऱ्याने दिले. जावई त्यानंतर सुतासारखा सरळ झाला. भाताने झाला की पोलिसांनी, त्यावर आमच्या इमारतीत अजून दोन पक्ष आहेत.

आणि काकू स्वतः कुठे जेवायच्या? शेगडीपाशी, उभ्याने. मोठ्या पातेल्याचं झाकण ओट्यावर उलटं ठेवायचं, त्यात उरलंसुरलं घ्यायचं आणि एक डोळा बाहेरच्या बाकांवर ठेवून खायचं. दोन घास होतात न होतात तोच बाहेरून हाक यायची, "काकू, भात!" की झाकण तिथेच.

मी एकदा म्हटलं, "काकू, कधीतरी बसून जेवत जा हो."

"बसू कशी? ताटावर बसलेल्याला उठवायचं नाही हा नियम माझाच. मी बसले तर वाढायचं कुणी?"

बिनतोड. काकूंना वकील करायला हवं होतं, निदान बाकीच्या वकिलांची तोंडं तरी बंद झाली असती.

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला आणि खाणावळ बंद झाली. भांडीकुंडी घरातच पडून होती, पण मोठं पातेलं ठेवायचं कुठे? ते घरात असलं की पाहुण्याला दारात उभं राहावं लागे. शेवटी मांडववाल्याने ते विकत घेतलं. झाकण मात्र काकू देईनात.

"झाकणाशिवाय पातेलं म्हणजे बुचाशिवाय बाटली," मांडववाला म्हणाला. "पैसे कमी देईन."

"कमी दे. पण झाकण माझं ताट आहे, ते नाही मिळायचं."

आता पुतण्याकडे येतो. काकूंच्या धाकट्या दिराचा हा मुलगा. मोठ्या कंपनीत हिशेब बघतो आणि घरी आल्यावरही बघतच असतो. तो एका रविवारी मिठाईचा पुडा घेऊन आला. पुड्याबरोबर आई, म्हणजे काकूंची धाकटी जाऊ, आणि बायको, म्हणजे सूनबाई, अशा दोघी आल्या. भाऊजी, म्हणजे काकूंचे ते धाकटे दीर, तेही आले होते, पण ते आले काय आणि पुड्याची दोरी आली काय, सारखंच.

"काकू, जन्मभर लोकांसाठी खपलात," पुतण्या म्हणाला. "आता आमच्याबरोबर परदेशी चला. तुमचं तिकीट मी काढणार."

झालं! नातेवाइकांत डंका पिटला गेला. धाकटी ज्याला त्याला सांगत सुटली, "आम्ही जाऊबाईंना आईच्या जागी मानतो हो." मला तेव्हाच वास आला होता. धाकटी ही फुकट हसणारी बाई नव्हे. तिने आईच्या जागी मानलं म्हणजे आईकडून काहीतरी काम निघायचं असणार. पण बोललो नाही. आपण बोललो की लोक म्हणतात, म्हातारा आगलाव्या आहे.

मग सामान भरलं गेलं. काकूंच्या बॅगेत काय गेलं म्हणता? कुकर गेला, तांदूळ, डाळी, मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणी आणि झारा. काकूंच्या साड्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत. वाणी मला म्हणाला, "काकू फिरायला चालल्यात की शाखा उघडायला?"

काकूंना यात वावगं वाटलं नव्हतं. चार घास घरचे लागतातच की, म्हणाल्या. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. पातेल्याचे पैसे घेऊन त्या बँकेत गेल्या आणि परदेशी नोटा घेऊन आल्या. मला पाकीट उघडून दाखवलं.

"बघा हो, दोन माणसांनी उचलायचं पातेलं, एवढ्याशा पाकिटात मावलं!"

"काय आणणार यातून?"

"आणणार कशाला? खाणार. जन्मभर त्या पातेल्याने लोकांना घातलं, आता एकदा मला घालू दे. तिथली माणसं जे खातात ते, तिथे बसून, दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं आणि दुसऱ्या कुणीतरी आणून वाढलेलं. बाकी मला तिथलं काही बघायचं नाही. डोंगर इथेही आहेत."

यापुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, ते भाऊजींकडून कळलं. लग्नानंतर त्यांचा आवाज जो बसला तो बसलाच, असं आम्ही सगळे समजत होतो. तसं नाही. पुढ्यात चहा असला आणि धाकटी हाकेच्या बाहेर असली की गडी बोलतो, आणि काय बोलतो!

तर उतरायला हॉटेल नव्हतं, फ्लॅट होता. तिसरा मजला, अरुंद रस्ता, दोन खोल्या आणि एक झकपक स्वयंपाकघर. सूनबाईने आत पाऊल टाकताच म्हटलं, "काकू, बघा किती छान ओटा आहे तुमचा!" तुमचा! काकूंची अजून चप्पल काढायची होती.

शेगडी काचेची, तिला ज्योतच नाही. नुसता तांबडा गोल. "ही शेगडी आहे की गाडीचा मागचा दिवा?" काकू म्हणाल्या. दोन दिवस तर ती लावायची कशी हेच कळेना.

तरी काकू वाट बघत होत्या. आज नाही तर उद्या बाहेर जेवायला जाऊच की. रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडायचे, खाण्याच्या प्रत्येक ठिकाणाच्या दारात थांबायचे आणि बाहेर लावलेलं भावांचं कार्ड वाचायचे. आपला माणूस परदेशात गेला की आधी भाव वाचतो, मग त्याचा आपल्या पैशांत गुणाकार करतो, आणि गुणाकारानेच त्याचं पोट भरतं. पुतण्याचे ओठ हलायला लागले की भाऊजी समजायचे, आता पुढच्या दारात जायचं.

"एका वाटीला एवढे?" धाकटी किंचाळायची. "एवढ्यात आपल्याकडे पंगत उठते!"

सूनबाई काचेतून लोकांच्या ताटांचे फोटो काढायची आणि मैत्रिणींना पाठवायची. मैत्रिणींना वाटायचं, बाई काय खातेय! शेवटी पुतण्या म्हणायचा, "जाऊ दे ना. घरी काकूंच्या हातचं आहे, त्याची सर याला येणार आहे का?" कौतुक ऐकून काकूंचं तोंड बंद व्हायचं. कौतुकासारखं बूच नाही.

असे दिवस जायला लागले. सकाळी नाश्ता, मग बाहेर न्यायचे डबे, संध्याकाळी भात. बाकीचे फिरायला निघाले की कुणीतरी म्हणायचं, "काकू, तिथे चढ आहे, तुमचे गुडघे दुखतील," किंवा, "आत जायला तिकीट आहे आणि आहेत नुसते दगड." काकूंनी परदेश पाहिला तो असा. बेसिन, कांद्याचं दुकान आणि खिडकी.

या खिडकीने घोटाळा केला. एके दिवशी काकूंनी सणसणीत फोडणी टाकली. त्या घराच्या छताला धूर ओळखणारं यंत्र होतं, ते जे बोंबलायला लागलं! खालच्या मजल्यावरचा माणूस एका पायात बूट घालून वर पळत आला. पुतण्या खुर्चीवर चढून यंत्राला टॉवेलने वारा घालतोय, धाकटी कानात बोटं घालून उभी आणि कुकरने नेमकी तेव्हाच शिट्टी मारली. तो माणूस जिन्यावरून जो खाली पळाला तो परत कुणाला दिसला नाही.

काकूंनी धूर जायला खिडकी सताड उघडली. समोरच रस्त्यापलीकडे एक खाण्याचं ठिकाण होतं. चार-सहा टेबलं, काचेचं दार, फळ्यावर खडूने लिहिलेलं काहीतरी. फोडणीचा वास तिथवर गेला असणार, कारण आतून एक थोराड बाई बाहेर आली. एप्रन, दंडापर्यंत चढवलेल्या बाह्या, हातात डाव. तिने नाक वर करून वास घेतला, खिडकीकडे बघितलं. वर झारा घेतलेल्या काकू. बाई हसली आणि तिने डाव वर केला. काकूंनी झारा वर केला.

"दोन सैन्यांचे सेनापती भेटावेत तसं झालं हो," भाऊजी म्हणाले. भाऊजींना उपमासुद्धा येतात, बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू कांदा चिरत होत्या आणि सूनबाई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बहिणीशी फोनवर बोलत होती. भाऊजी सोफ्यावर डोळे मिटून पडले होते. ते झोपले आहेत असं सगळे धरूनच चालतात.

"अगं, काकूंना आणलं म्हणून तर परवडलं," सूनबाई म्हणत होती. "रोज चौघांनी बाहेर खायचं म्हणजे दिवाळंच! ह्यांनी आधीच हिशेब केला होता. त्यांचं तिकीट चार-पाच दिवसांच्या जेवणातच निघतं. वर नातेवाइकांत मान मिळाला तो वेगळा."

सुरी थांबली. भाऊजींनी एक डोळा किलकिला केला. काकू चिरलेल्या कांद्याकडे बघत उभ्या होत्या. मग सुरी पुन्हा चालायला लागली. त्या संध्याकाळचा स्वयंपाक नेहमीसारखाच झाला, मीठसुद्धा कणभर इकडेतिकडे नाही. याला म्हणतात हात. मी धाकटी असतो तर त्या न चुकलेल्या मिठालाच घाबरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर डबे नव्हते.

"आज डबे नाहीत, काकू?"

"दुपारी घरी या. गरम जेवा."

दुपारी चौघं भुकेने कासावीस होऊन आली. टेबलावर चार ताटं पालथी घातलेली. ओटा लखलखीत. ओट्यावर तांदळाची पिशवी, डाळ, कांदे, मसाल्याचा डबा आणि मधोमध कुकर, त्याचं झाकण शेजारी. सगळं होतं. शिजलेलं काही नव्हतं आणि काकू नव्हत्या.

"देवा, हरवल्या की काय!" धाकटी म्हणाली.

"हरवतील कशाला?" भाऊजी खिडकीतून म्हणाले. "त्या काय समोर."

समोरच्या काचेआडच्या टेबलावर काकू बसल्या होत्या. ताठ. रुमाल साडीवर नीट पसरलेला आणि पुढ्यात वाफाळती वाटी.

चौघं जिने उतरून धावत रस्ता ओलांडून गेली. पुतण्या आधी आत शिरला.

"काकू, हे काय?"

"जेवण."

"आम्ही उपाशी आहोत घरी!"

"मग जेवा की. मी जेवतेय."

"चला बरं, उठा. घरी जाऊन बोलू."

काकूंनी चमचा खाली ठेवला नाही. "ताटावर बसलेल्याला उठवत नाहीत, राजा. माझ्याकडे पोलीस थांबले होते. तू कोण लागून गेलास?"

"जाऊबाई, लोक बघताहेत," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली.

"बघू देत. जन्मभर मी लोकांना जेवताना बघितलं, आता त्यांची पाळी."

पुतण्याने टेबलावरचं कार्ड उचललं. ओठ हलायला लागले. "काकू, या वाटीचे किती होतात कल्पना आहे का तुम्हाला?"

"एकच वाटी होते. मला भूक तेवढीच आहे."

"आपल्या पैशांत म्हणतोय मी!"

"पैशांत नको मोजूस, पातेल्यात मोज. माझं पातेलं खातेय मी. अजून नुसता एक कान खाऊन झालाय, बूड तसंच आहे."

आता सूनबाईने हुकमाचं पान टाकलं. "काकू, राग येऊ देऊ नका, पण आम्ही एवढं तिकीट काढून तुम्हाला आणलं..."

"आणलंस गं. आणि चार-पाच दिवसांच्या जेवणात ते निघतं, हेही तूच म्हणालीस, गॅलरीत. दिवस तूच मोज. निघालं का ते सांग."

सूनबाईचा चेहरा पालथ्या ताटासारखा झाला. धाकटी छताकडे बघायला लागली. तिथेही यंत्र होतं, पण ते वाजेना. पुतण्याच्या तोंडून जे निघालं ते हिशेबी माणसाला शोभेसंच होतं.

"मग संध्याकाळचं काय?"

"ओट्यावर सगळं मांडून ठेवलंय. शेगडीचं बटण दाबून धरलं की ती लागते. मला कळायला दोन दिवस गेले, तू तर शिकलेला आहेस."

"म्हणजे उद्याही तुम्ही..."

"उद्याही इथेच. परवाही. पातेलं संपेपर्यंत."

एवढ्यात आतून ती थोराड बाई आली. चार माणसं आपल्या गिऱ्हाइकाभोवती घेर धरून उभी, आणि गिऱ्हाइकाची वाटी निवत चाललेली. तिने डाव एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे केला, एकदा दाराकडे आणि आपल्या भाषेत काहीतरी खणखणीत बोलली.

"काय म्हणतेय ही?" धाकटीने विचारलं.

"म्हणतेय, जेवणार असलात तर बसा, नाहीतर वाट सोडा."

"तुम्हाला कशी कळली तिची भाषा?"

"न कळायला काय झालं? जन्मभर मी हेच बोलत आले."

पुतण्या निघाला. सूनबाई निघाली. धाकटी दारापर्यंत गेली आणि तिच्या लक्षात आलं, आपल्यामागे नेहमी येणारी पावलं येत नाहीत. वळून बघते तर भाऊजी काकूंच्या समोरची खुर्ची ओढत होते.

"अहो!"

"मी ताटावर बसलोय," भाऊजी म्हणाले.

"ताट आलंय कुठे अजून?"

"येतंय."

हे सांगताना भाऊजींनी माझ्यासमोर चहाची बशी अशी ठेवली, जशी एखाद्याने तलवार म्यान करावी.

"वहिनी, मागवायचं कसं?" त्यांनी काकूंना विचारलं. "आपल्याला तर वाचता येत नाही."

"तो कोपऱ्यातला रंगारी बघा, कपड्यांवर रंग उडालेला. कामाचा माणूस आहे, रोज येतो. असा माणूस पैसे वाया घालवत नाही. त्याच्या ताटाकडे बोट करायचं. मी तेच केलं."

मी भाऊजींना विचारलं, चव कशी होती? काकूंनाही त्यांनी तेच विचारलं होतं म्हणे. काकू म्हणाल्या, "खरं सांगू? पहिल्या घासाला काही कळलंच नाही. दुसऱ्याला वाटलं, बाई मीठ विसरली. तिसऱ्याला कळलं, तिने काही विसरलेलं नाही, मीच माझं तिखट विसरत नाहीये."

"म्हणजे आवडलं नाही?"

"आवडलंच पाहिजे असं कुठे आहे? माझ्याकडच्या जेवणाऱ्यांना रोज आवडायचं का? पण बसून जेवत होते ना?"

जेवण झालं. आणि इथे काकूंचा हात त्यांना फसवून गेला. त्या उठल्या, आपली वाटी भाऊजींच्या ताटात ठेवली, जाता जाता रंगाऱ्याचंही ताट उचललं, बिचारा पाव पुसून खात होता, तो बघतच राहिला, आणि सगळी चळत घेऊन थेट आत, मोरी शोधत निघाल्या. थोराड बाई दारात आडवी आली. तिने चळत काढून घेतली, रंगाऱ्याचं ताट रंगाऱ्यापुढे परत ठेवलं आणि काकूंच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत आणून बसवलं. मग एका छोट्या कपात काहीतरी गरम आणून पुढ्यात ठेवलं आणि त्या ते पिईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का?" मी विचारलं. मला असल्या गोष्टी लागतात.

"कांदा होता त्यात," भाऊजी म्हणाले.

गरम पेयात कांदा! बरं, सोडा.

त्यानंतर काकू रोज तिथे. वर फ्लॅटमध्ये पुतण्याने भात केला तो भिंतीला पोस्टर चिकटवायच्या लायकीचा. दुसऱ्या दिवशीचा पोस्टर जाळायच्या लायकीचा. यंत्र रोज बोंबलायचं. धाकटीने जावेशी बोलणं टाकलं आणि निघेपर्यंत दोन्ही वेळा पाव-लोणचं खाऊन आपला बाणा राखला. भाऊजी एक दिवसाआड वहिनींसमोर बसायचे; रोज बसण्याइतकी हिंमत एका जन्मात येत नाही. आणि एके दुपारी सूनबाई एकटीच आली. काकूंकडे पाठ करून दुसऱ्या टेबलावर बसली, रंगाऱ्याच्या ताटाकडे बोट केलं, मुकाट्याने जेवली, आणि फोटो काढला नाही. काकूंनी तिला बघितलं नाही असं दाखवलं. हिशेबाचं बोलणं काकूंकडून परत कधी निघालं नाही, पण ओट्याकडेही त्या परत फिरकल्या नाहीत.

शेवटच्या दुपारी पाकिटात थोडी नाणी तेवढी राहिली. काकूंनी ती टेबलावर ओतली आणि थोराड बाईपुढे सरकवली. भाऊजी म्हणाले, वहिनी, एवढी कशाला?

"ही पातेल्याची खरवड. खरवड रांधणारीची असते."

परत आल्यावर धाकटीने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसली तर ती धाकटी कसली! एका लग्नात, भर पंगतीत, तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या जाऊबाईंनी परदेशात जाऊन पातेलं खाल्लं हो!"

पंगत हसली. आजवर कुणाच्याही लग्नात काकू कमरेला पदर खोचून आचाऱ्याच्या मागे उभ्या असायच्या. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "आणि पचवलं. वाढा रे इकडे भात."

मागच्या आठवड्यात मी खाली गेलो तर दारात हातगाडी उभी आणि मांडववाला आत. काकूंनी ते झाकण त्याच्या हातात ठेवलं होतं. गडी उलटसुलट करून बघत होता.

"तेव्हा मागितलं तर दिलं नाहीत. आणि आता?"

"आता नाही लागत मला."

मी म्हटलं, "काकू, झाकणाच्या पैशांत परदेश येत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून परात काढलीय, दोन्ही शेगड्या काढल्यात, ही बाकंही जाताहेत. बघू, गाडी कुठवर पोचते ती."

"आणि पुतण्या पुन्हा बोलावायला आला तर?"

"येऊ दे. कुकर त्यांच्याचकडे आहे."

मांडववाल्याने परात गाडीवर टाकली, शेगड्या टाकल्या, दोन बाकं उचलली आणि तिसऱ्यापाशी आला. त्यावर काकू बसल्या होत्या, समोर स्टुलावर ताट. खरंखुरं ताट, काठाचं.

"काकू, जरा उठता का? एवढं बाक उचललं की झालं."

काकूंनी भात कालवला. "जेवतेय मी. दिसत नाही?"

मांडववाल्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग तो उंबऱ्यावर टेकला आणि विडी काढून वाट बघत बसला.

काकूंनी पुन्हा भात घेतला.